घसरून पडणाऱ्या बायका

आमच्या दिगंबरचं लग्न झालं ते साल दोन हजार सात. लग्नाच्या आदल्या दिवशी दारात कासारीण बसली होती. घरातल्या बायकांनी एकेक करून हिरवा चुडा भरून घेतला आणि शेवटी माझी लेक पद्मा पोत्यावर बसली. तिनं उजवा हात पुढं केला. तो भरून झाला तशी कासारीण म्हणाली, "आण डावा."

"डाव्यात असू द्या. आहेत त्या बऱ्या आहेत."

"बऱ्या कशा? पाठच्या भावाचं लग्न, आणि नवरदेवाची बहीण एका हातानं मिरवणार व्हय?"

कासारणीनं तिचा हात ओढून घेतला, पंजा दाबला आणि पद्मा कळवळून उभीच राहिली. बांगड्या पोत्यावर सांडल्या.

"ह्या हाताचं हाड नीट बसलं नाही बाई," कासारीण माझ्याकडे बघत म्हणाली. "कुठं पडली होती?"

"मोरीत," पद्मा म्हणाली. "शिमग्याच्या आसपास."

चारचौघींत मी काही विचारलं नाही. संध्याकाळी मागच्या अंगणात भांडी घासायला दोघीच बसलो, तेव्हा म्हणाले, "पद्मे, मोरीत मीपण पडले आहे. पडताना माणूस तळवा टेकतं, आणि तुझं हाड पालथ्या बाजूनं मोडलंय."

ती एकाच हातानं कढई घासत राहिली. मग म्हणाली, "फुंकणीनं मारलं. त्यांच्या मोबाईलचं बटण माझ्याकडून दाबलं गेलं, बोलणं तुटलं, म्हणून."

"दवाखान्यात नेलं होतं का?"

"नेलं की. तेच घेऊन गेले तालुक्याला. तिथं सांगितलं, मोरीत घसरली."

"कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. मला कोण विचारतंय."

पद्मा बोरनळीला दिली होती. जावयाचं नाव भारत वाकळे. जमीन बरी, बैलजोडी बघत राहावी अशी, बोलायला गोड. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं आणि ते पद्माचंच पाप आहे असं तिची सासू गावभर सांगायची.

लग्न आटोपलं. सून घरात आली. मी मात्र हळद उतरायच्या आत बोरनळी गाठली आणि तंटामुक्तीच्या समितीसमोर उभी राहिले. समितीचे अध्यक्ष आबाराव. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चार माणसं पान लावत बसली होती.

"आबाराव, तुमच्या गावात माझ्या पोरीचा हात मोडला," मी म्हणाले.

"कोणी मोडला म्हणता?"

"तुमच्या भारतनं."

"गयाबाई, बसा. पाणी घ्या." आबाराव फार सबुरीनं बोलायचे. "आपल्या गावाचं नाव यंदा बक्षिसाला गेलंय. वर्षभरात गावातून एक केस नाही. एक. असं गाव तालुक्यात दुसरं दाखवा."

"केस नाही म्हणजे मारलं नाही असं होतं का?"

"आपण कशाला बोलायचं? कागद बोलतो." त्यांनी भारतला हाक मारली, त्यानं घरून दवाखान्याचा केसपेपर आणला. आबारावांनी तो माझ्या हातात दिला. "वाचा. सरकारी डॉक्टरनं लिहिलंय. आम्ही नाही लिहिलं."

मी कागद हातात धरला. वरखाली नजर फिरवली. ओट्यावरचा एक जण फिसकन हसला.

"सरळ धरा गयाबाई. उलटा धरल्यावर अक्षरं घसरून पडायची."

सगळे हसले. भारतही हसला. कोपऱ्यात पद्मा डोक्यावर पदर घेऊन उभी होती, ती खाली बघत राहिली. मी कागद परत दिला आणि घरी आले. पद्मा तिकडंच राहिली, कारण कागदानुसार तिला कोणी मारलेलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी अक्षरं शिकायला बसले. नवी सून ज्योत्स्ना लग्नाआधी बालवाडीत शिकवायची. तिनं आपली पाटी काढली. माझं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं होतं. कमळाचा क काढताना माझी बोटं खुरप्यासारखी वळायची. ती म्हणायची, "आत्या, पेन्सिल दाबू नका, तण नाही काढायचं." मी तिला सांगितलं होतं की मला कमळ नको, बदक नको. मला केसपेपरवरचं वाचायचं आहे. पुढच्या खेपेला पद्मा आली तेव्हा तिनं तो कागद पोलक्यात लपवून आणला होता. ज्योत्स्नानं तो समोर ठेवला आणि मी एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले. मो. री. त. मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य ते आहे. "मोरीत पाय घसरून पडल्याने." खोटं वाक्य. सरकारी शाईतलं.

पुढच्या वर्षीच्या पोळ्याला फोन आला. पद्माच्या शेजारणीनं केला होता. "तुमच्या पोरीला दवाखान्यात नेलंय, कपाळ फुटलंय, लवकर या," एवढंच बोलून तिनं ठेवला. दिगंबरनं गाडी काढली. तालुक्याच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा भारत केसपेपरच्या खिडकीशी उभा होता. पद्मा बाकावर बसली होती. कपाळाला लुगड्याचं फडकं दाबून धरलेलं, फडकं भिजलेलं. भारतचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते. मग कळलं, तो हिंगूळ होता. बैलांची शिंगं रंगवून आला होता.

खिडकीच्या आत गवळी नावाचा कारकून. तो मान वर न करता विचारत होता, "नाव? वय? काय झालं?"

"पद्मा भारत वाकळे. मोरीत घसरली," भारत म्हणाला.

"मोरीत," गवळीनं म्हणत म्हणत लिहिलं.

"अहो, ती बसली आहे की इथं," मी खिडकीत तोंड घातलं. "तिला विचारा."

"मावशी, पेशंटला दुखत असतं. ज्यानं आणलं त्याला विचारायची पद्धत आहे."

"आणि ज्यानं मारलं त्यानंच आणलं तर?"

गवळीनं पहिल्यांदा वर बघितलं. "ते आत बघतील. आजकाल आत नवीन मॅडम आहेत," असं म्हणून त्यानं कागद सरकवला.

अपघात विभागात खाटेशेजारी एक लहानशी बाई उभी होती. अंगात पांढरा कोट, डोक्यावर ओढणी. तिनं पद्माचं कपाळ स्वतः धुतलं, टाके घातले, आणि मग भारतला म्हणाली, "आता तुम्ही बाहेर थांबा."

"मी नवरा आहे तिचा."

"म्हणूनच म्हणते, बाहेर थांबा."

भारत माझ्याकडे वळून बघत बाहेर गेला. मला बरं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "आई, तुम्हीसुद्धा."

"मी? मी जन्म दिलाय हिला."

"सोबत आलेलं कोणीच नको. माझा नियम आहे. नवरा नको, सासू नको, आईपण नको. त्यांना एकटीला विचारायचं असतं."

मला राग आला. एवढी गावं ओलांडून मी आले ती बाकावर बसायला का? पण तिनं पडदा ओढून घेतला होता. दिगंबर औषधं आणायला गेलेला. मी आणि भारत एकाच बाकावर, मध्ये त्याची टोपी.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "सणासुदीचं कशाला आलात? बैलं तशीच उभी आहेत. मिरवायची राहिली."

"बैलांना पोळी भरवली का?"

"भरवली की सकाळीच."

"आणि हिनं खाल्लं होतं?"

त्यानं बाकावरची टोपी झटकली. मग पाय पसरून म्हणाला, "आत्याबाई, उगाच आशा लावू नका. ती काही बोलायची नाही. तिला कळतं. परत कुठं यायचं आहे ते तिला ठाऊक आहे."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. पद्मा याआधी कधीच कोणासमोर बोलली नव्हती. ती आज घसरली असंच म्हणाली, तर मला तिला पुन्हा भारतच्या गाडीवर त्याच्या मागं बसवून द्यावं लागणार होतं, आणि पुढच्या खेपेला फडक्यानं रक्त थांबेल की नाही हे कोण सांगणार. मी पडद्याकडे बघत बसले. आतून काही ऐकू येत नव्हतं. पंखा तेवढा कुरकुरत होता.

तिथं दवाखान्याचे मोठे डॉक्टर कुलथे आले. पडदा बाजूला करून ते आत गेले, आणि दोघांचं बोलणं बाहेर येऊ लागलं.

"शाहीन मॅडम, पोलीस केस करताय?"

"त्या सांगतायत तसं लिहितेय सर."

"तुम्ही इथं वर्षभर. तुमचं काम झालं की तुम्ही जिल्ह्याला. कोर्टाच्या तारखांना उभं राहायला मीच. दिवस दिवस जातो माझा, इथं बाळंतिणी ताटकळतात."

"म्हणून त्या घसरल्या असं लिहायचं?"

"अहो, त्यांच्याही सोयीचं असतं ते."

मी बाकावरून उठले. बाहेर थांबायचं सांगितलं होतं तरी आत गेले. "कोणाच्या सोयीचं, डॉक्टरसाहेब?"

"तुम्ही कोण?"

"मोरीत घसरणाऱ्या बाईची आई. मागच्या साली हात, औंदा कपाळ. आमच्या पोरीला चालताच येत नाही वाटतं. लहानपणी बांधावरून पळायची."

कुलथे वाईट नव्हते, दमलेले होते. पण दमलेल्या माणसाच्या हातूनही खोटं ते खोटंच लिहिलं जातं. ते मान हलवून निघून गेले.

शाहीन मॅडमनी टेबलाच्या खणातून एक शिक्का काढला. लाकडी मुठीचा, रबरी. शाईच्या डबीवर दाबून पद्माच्या केसपेपरवर उमटवला. तीन ओळी उमटल्या आणि प्रत्येकीपुढं मोकळी जागा. मी जवळ जाऊन वाचलं. आता मला वाचता येत होतं. कुठे. कोणी. कशाने.

"पद्माताई, आईसमोर लिहू का?" मॅडमनी विचारलं.

पद्मानं मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघून म्हणाली, "लिहा. घरात, ओसरीवर. नवऱ्यानं. बैलाच्या घुंगरमाळेनं. घासून ठेवली नव्हती म्हणून." आणि मग तीच पुढं म्हणाली, "आणि हातपण लिहा. हात फुंकणीनं मोडला होता. मोरीत नव्हता मोडला."

"तो जुना आहे, पण तपासून लिहिते," मॅडम म्हणाल्या.

मी कागद घेऊन बाहेर आले. भारत टोपी घालून उठला, त्याला वाटलं निघायचं. मी म्हणाले, "थांबा जावईबापू. कागद बोलतो ना तुमच्या गावात? ऐका काय बोलतो ते." आणि मी वाचलं. सावकाश, बोट ठेवून, अडखळत. बाकावरची माणसं ऐकत होती. गवळी खिडकीतून ऐकत होता. घुंगरमाळ या शब्दाला मला वेळ लागला, पण मी तो सोडला नाही.

भारतचा चेहरा पडला. "हे कोणी लिहायला लावलं?"

"तिनं. तुम्ही बाहेर होता."

पद्मा पडद्याबाहेर आली. भारत तिच्याशी बोलायला पुढं झाला, तर ती म्हणाली, "बैलं मिरवायची राहिलीत ना? जा तुम्ही." आणि दिगंबरच्या गाडीवर जाऊन बसली.

पद्माची गोष्ट तिथं संपते. पोलिसांनी जबाब घेतला, समितीनं मध्यस्थी केली, शेवटी बाँडपेपरवर सोडचिठ्ठी झाली. पद्मा आज शिवणकाम करते. डावा हात अजून पुरा वळत नाही, पण मशीनवर कापड धरायला पुरतो.

टाके काढायला गेलो तेव्हा मी शाहीन मॅडमना विचारलं की हा शिक्का कशाला काढलाय, आधी तर नव्हता. त्यांनी भिंतीवरचा तालुक्याचा नकाशा दाखवला. त्यावर लाल टिपके होते.

"आई, हिवताप आला की आपण काय करतो? पेशंट कुठल्या वाडीतून आले ते बघतो, तिथं फवारणी करतो. बरोबर? मग मारहाणीचं तसं का नाही? पोलिसांकडे दहातले फार तर दोन-तीन जातात. दवाखान्यात मात्र सगळ्यांना यावं लागतं, टाके घरी घालता येत नाहीत. नुसतं नीट विचारून लिहिलं तरी कळतं, कुठं काय चाललंय. हे इथं गुत्त्यापाशी बघा, बाजाराच्या दिवशी पुरुषांची डोकी फुटतात. पोलिसांना सांगितलं, त्या दिवशी तिथं शिपाई उभा राहिला, तर निम्मी कमी झाली."

"आणि बायका?"

"जुनं रजिस्टर बघून मी चक्रावले. पुरुषांना लोक मारतात आणि बायका नुसत्या घसरतात. सगळ्या तालुक्याच्या मोऱ्या एवढ्या निसरड्या कशा?" त्या हसल्या, पण डोळे हसत नव्हते. "मग शिक्का करून घेतला आणि आणणाऱ्याला बाहेर बसवायला लागले."

एका गावावर टिपके दाटीनं होते. मी नाव वाचलं. बोरनळी.

त्याच हिवाळ्यात बोरनळीला बक्षीस मिळालं. मोठी कमान उभारली, साहेब आले, फेटे बांधले. आणि त्याच सुमारास शाहीन मॅडमनी तालुक्याच्या बैठकीत तो नकाशा ठेवला. मी बैठकीत नव्हते. पण गवळी होता, आणि त्यानं मला नंतर सगळं सांगितलं. आबाराव उठून म्हणाले की दवाखान्याचं काम जखमा बांधायचं आहे, घरं फोडायचं नाही. एक साहेब म्हणाले की मागच्या वर्षी तालुक्यात महिलांच्या मारहाणीचा आकडा जवळपास शून्य होता, या बाईनं वर्षात तो कुठं नेऊन ठेवला. मॅडम म्हणाल्या, "सर, आकडा वाढला नाही. दिसायला लागला." तेवढ्यात चहा आला, आणि तो विषय संपला.

मॅडमचं वर्ष भरलं. मुदत वाढवून मिळाली नाही. जाताना त्यांनी शिक्का आणि शाईची डबी गवळीच्या हातात दिली.

काही महिन्यांनी माझ्या पायात काटा मोडला म्हणून मी दवाखान्यात गेले. केसपेपर हातात आला तो वाचला. शिक्का नव्हता. माझ्या पुढं एक बाई उभी होती, ओठ सुजलेला, आणि तिचा दीर खिडकीत सांगत होता, जिन्यावरून पडली.

"गवळीभाऊ, शिक्का कुठं गेला?"

"आहे की खणात."

"मग मारत का नाही?"

"शाई वाळली मावशी."

"नवीन आणा."

"मंजुरी वरून यावी लागते. वरून म्हणाले, तो प्रकल्प होता, संपला."

"ह्या बाईच्या दिराला तरी बाहेर बसवा."

"ते सांगणारा मी कोण?" गवळी म्हणाला आणि लिहू लागला. जिन्यावरून.

मी कुलथ्यांकडे गेले. ते म्हणाले लेखी द्या. मी लेखी दिलं. ज्योत्स्नानं मजकूर सांगितला नाही, मी माझा लिहिला. "शिका चालू करावा. बायकांना एकटे विचारावे." शिक्का हा शब्द चुकला होता हे मला नंतर कळलं. पोच मिळाली. उत्तर मिळालं नाही.

त्या उन्हाळ्यात भारतचं दुसरं लग्न ठरलं. मुलगी लांबच्या वस्तीवरची, अश्विनी. बाप सोपान गिते, ऊसतोडीला जाणारा. मी दिगंबरला घेऊन त्याच्याकडे गेले. पद्माचा केसपेपर सोबत होता, शिक्का मारलेला. मी तो वाचून दाखवला.

सोपाननं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, तुमच्या पोरीचं जमलं नाही म्हणून आमच्या पोरीचं मोडायला आलात का? तिला मूल नव्हतं असं ऐकलं आम्ही. त्या गावाला तर बक्षीस आहे. कमानीवर लिहिलंय, मी बघितलं."

"कमानीवरचं तुम्हाला वाचता येतं?"

"मला कुठलं येतंय. लोकांनी सांगितलं."

त्याच्या बायकोनं चहा दिला. आत एक मुलगी भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. सावळी, लांब वेणी. मी उठताना ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "बैल चांगले आहेत म्हणतात त्यांचे." मी म्हणाले, "बैल चांगले आहेत."

पुढच्या जानेवारीत सोपान आमच्या दारात आला. त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात धरलं होतं. मी बस म्हटलं तरी बसला नाही. खिशातून घडी घातलेला केसपेपर काढला.

"पोलीस म्हणतात, दवाखान्याच्या कागदावर जे आहे तेच खरं. काय आहे ते मला नीट कोणी सांगत नाही. तुम्ही वाचता. वाचा."

त्यानं कागद उलटा धरला होता. मी सरळ करून घेतला. मला आता बोट ठेवावं लागत नव्हतं.

"मोरीत पाय घसरून पडल्याने डोक्यास मार," मी वाचलं. "माहिती देणार, पती."

"अजून?"

"अजून काही नाही."

"खाली असतं ना? तुमच्या पोरीच्या कागदावर खाली होतं. कुठं, कोणी, कशानं. तुम्ही वाचलं होतं मला."

मी कागद त्याच्यासमोर धरला. "खाली कोरं आहे सोपानराव."

त्यानं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तिला दवाखान्यात आणलं तेव्हा ती शुद्धीत होती, बोलत होती, असं मला पुढं गवळीनंच सांगितलं. तिला कोणी काही विचारलं नाही. शिक्का खणात होता. बोरनळीची कमान अजून उभी आहे, मध्ये एकदा तिला नवा रंग दिला.

अश्विनी भारत वाकळे, माहेरची अश्विनी सोपान गिते, वय बावीस, दोन हजार दहा सालच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात वारली.